ठाकुर्लीच्या घराचं हक्कसोडपत्र

तुमची मावशीआजी ठाण्याला माझ्याकडे राहते, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. ती कायम इथेच होती असं तुम्हाला वाटत असेल. पण तिचं स्वतःचं घर होतं. ठाकुर्लीला, स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. ते तिच्या हातून कसं गेलं ते मला लिहून ठेवायचं आहे. कोणी तिला लुबाडलं नाही, कोणी खोटी सही केली नाही, मोठं भांडणसुद्धा झालं नाही. तरी घर गेलं. अशी गोष्ट सांगायला अवघड असते, कारण ऐकणारा विचारतो, मग चूक कोणाची? मलाही ते अजून नीट सांगता येत नाही.

ते घर आमच्या वडिलांनी घेतलं होतं. कोकणातून येऊन, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत शेवटी घेतलेलं स्वतःचं घर. आम्ही तीन भावंडं. दादा सगळ्यात मोठा, मी मधली आणि ही धाकटी. मला वडिलांनी हौसेने इंग्रजी शाळेत घातलं. धाकटीच्या वेळेपर्यंत हौस संपली होती आणि फीही वाढली होती, म्हणून ती जवळच्या मराठी शाळेत गेली. "ताईला इंग्रजी आणि मला ताईचे फ्रॉक," असं ती पाहुण्यांसमोर सांगायची आणि आईला लाज वाटेपर्यंत हसायची.

तिने लग्न केलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती तपासणी खात्यात होती. मोजमापाची उपकरणं बनायची तिथे. तयार झालेला भाग हातात घेऊन, उजेडात फिरवून, चालेल की नाही हे सांगायचं, एवढंच काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे कारखाना बंद झाला. त्याच सुमारास वडिलांचं आजारपण सुरू झालं, त्यांच्यानंतर आईचं. दादा तेव्हा डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होता, मी ठाण्याला. आईवडिलांचं सगळं तिने केलं. आम्ही रविवारी फळं घेऊन जायचो.

आई गेल्यावर ती त्या घरात एकटी राहिली, पण ते घर एकटं वाटायचं नाही. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता होता. चपला कुठे काढायच्या, ओला टॉवेल कुठे टाकायचा, याचे नियम होते आणि ते दादालाही लागू होते. "ओल्या पायांनी सतरंजीवर आलास तर चहा मिळणार नाही," असं ती त्याला सांगायची आणि तो साठीचा गृहस्थ मुकाट्याने मागे फिरून पाय पुसायचा. आमटीत गूळ किती, पोळ्यांना तेल की तूप, खिडकी किती वाजता लावायची, सगळं तीच ठरवायची. तिला मागायचं म्हणून काही नव्हतंच. ज्या घरात राहायचं तिथे कोणाला विचारावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढं तिच्याजवळ होतं.

आता काकांबद्दल सांगते. हे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची सगळी नोकरी कल्याणला कोर्टात गेली, लिहिण्या-नोंदण्याच्या कामात. वकील नव्हते, पण आमच्या नात्यागोत्यात कायद्याचं काहीही निघालं की एकच उत्तर असायचं, "काकांना विचारा." जन्माचा दाखला, मृत्युपत्र, शेजाऱ्याने अडवलेला जिना, काहीही. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून ते यायचे, बस म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत आणि अर्धा कप चहापलीकडे काही घ्यायचे नाहीत. कोणाकडून कधी एक पैसा घेतला नाही. खोटंही कधी बोलले नाहीत. हे मी आजही म्हणते, आणि पुढचं वाचताना तुम्ही ते विसरू नका.

इमारत जुनी झाली होती. सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं निघालं आणि बिल्डरने गुळगुळीत कागदावरचं रंगीत पुस्तक प्रत्येक घरात पाठवलं. त्यात उंच इमारत, खाली बाग, बागेत पळणारी गोरी मुलं. आमच्या गल्लीत भाजीची हातगाडी उभी राहायची ती जागा चित्रात कारंज्याची होती. धाकटीने चष्मा लावून ते पुस्तक कारखान्यातला भाग तपासावा तसं तपासलं.

"ताई, हे आभाळ बघ," ती म्हणाली. "ठाकुर्लीचं नाही हे. आभाळसुद्धा बाहेरून मागवलंय याने."

मग काही दिवसांनी परिसरात फुकट वाटल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकात त्याच बिल्डरवर पानभर लेख आला. ती म्हणाली, "लेख कसला, पुस्तकच परत छापलंय. कोपऱ्यात बारीक अक्षरात बघ, जाहिरात लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. तिने ते सोसायटीच्या बैठकीत उभं राहून दाखवलं, आणि तिच्यामुळे सोसायटीने बिल्डरचा माणूस न घेता स्वतःचा आर्किटेक्ट नेमला. सांगायचं हे की आम्ही भोळ्या नव्हतो. ज्याला काही विकायचं आहे त्याच्या बोलण्यातलं किती खरं धरायचं, हे आम्हाला कळत होतं. माझ्या बहिणीला तर माझ्यापेक्षा जास्त.

मग नावाचा प्रश्न आला. घर अजून वडिलांच्याच नावावर होतं. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलं होतं, मुलगा म्हणून, त्या काळी सगळे देत तसं. सेक्रेटरी म्हणाले की करार करायच्या आधी एक नाव लावून घ्या. दादाने काकांना बोलावलं. रविवारी सकाळी आम्ही सगळे ठाकुर्लीला जमलो. वहिनीही आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या पदर खोचला आणि स्वयंपाकघरात साबुदाण्याचे वडे करायला घेतले. धाकटीने तिचा झारा दुसऱ्याच्या हातात दिला असेल असा तो एकच दिवस.

काका खुर्चीत ताठ बसले. "आधी एक सांगतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की काकांनी लपवलं. कायद्याने तुम्हा तिघांचा सारखा हिस्सा. मुलगा-मुलगी असा भेद नाही."

"मग हॉल दादाचा, बेडरूम ताईची," धाकटी म्हणाली. "स्वयंपाकघर माझं. कोणी आत यायचं तर बाहेरून हाक मारायची."

दादा हसला. "आणि बाथरूम?"

"ते काकांची फी."

काकासुद्धा हसले. मग म्हणाले, "पण सोसायटीत नॉमिनेशन दादाचं आहे. सोसायटी नॉमिनीच्या नावावरच करते. बिल्डरलाही एकच नाव हवं असतं. दर कागदावर तिघांच्या सह्या कुठून आणणार? ताई उद्या मुलाकडे परदेशी जाऊन बसली तर? मुलींनी दादाला हक्कसोड करून दिलं की सगळं सुटसुटीत होतं. आपल्याकडे तशीच पद्धत आहे."

हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा आपण होऊन सोडणं. बहिणी भावाच्या नावे करून देतात, भाऊ त्यांना साडी घेतो, आणि माहेर शाबूत राहिलं असं सगळे मानतात. जिने करून दिलं नाही तिच्याबद्दल पुढची वीस वर्षं लग्नकार्यात कुजबुज होते. त्यामुळे त्या दिवशी 'करायचं का' हा प्रश्न कोणी विचारला नाही. 'कधी करायचं' एवढंच होतं.

मी विचारलं, "आणि ही कुठे राहील?"

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे काय ताई? आत्ता राहते तशीच. नवीन घर झालं की नवीन घरात. ते घर तिचंच आहे. मी काय बाहेर काढणार आहे तिला?"

"तसं नाही रे. पण तेवढं लिहून घेतलं तर?"

"हे बघा," काका मध्ये पडले, अगदी मायेने, "घरातल्या घरात असं कागदावर घ्यायचं नसतं. मी कोर्टात आयुष्य काढलं. कागद आला की भावाबहिणींचे पक्षकार होतात. शब्द आहे ना त्याचा? पुरे."

आणि धाकटी माझ्यावरच उखडली. "तू गप्प बस गं. तो माझा भाऊ आहे, घरमालक नाही."

वहिनी वड्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा बोलणं संपलं होतं. दादाने शब्द दिला तेव्हा त्या कढईसमोर होत्या. पुढे त्या म्हणाल्या की मला यातलं काही माहीत नव्हतं. ते खरं होतं.

मसुदा माझ्याकडे आला वाचायला, इंग्रजी शिकलेली म्हणून, जरी तो मराठीत होता तरी. मी पिनकोड चुकला होता तो दुरुस्त केला आणि इमारतीच्या नावातला एक काना. नोंदणीच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. संगणकासमोर बसवून फोटो काढतात, अंगठा घेतात. धाकटीने केस नीट केले आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "चांगला काढ हं, स्थळ सांगून आलंय." परत येताना दादाने दोघींना साड्या घेतल्या. तिने मोहरीच्या रंगाची निवडली. दुकानदाराने विचारलं, "लग्न आहे का घरात?" दादा म्हणाला, "तसंच काहीसं." आम्ही तिघं खूप दिवसांनी एकत्र जेवलो होतो. तो दिवस आनंदाचा होता, हे मी बदलून सांगणार नाही.

काकांचं बोलणं मी नंतर पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सोसायटी नॉमिनीच्या नावावर करते, खरं आहे. पण त्याच्यापुढचं वाक्य असं आहे की नॉमिनी हा नुसता सांभाळणारा असतो, मालकी सगळ्या वारसांची राहते. हक्कसोड केलं की सुटसुटीत होतं, तेही खरं. पुढचं वाक्य असं की एकदा नोंदवलेलं हक्कसोड 'आता नको' म्हणून परत घेता येत नाही. तिने हिस्सा सोडायलाच हवा असं नव्हतं. माझा सोडून तिचा ठेवता आला असता, दोघांची नावं लावता आली असती. किंवा तिने मरेपर्यंत तिथे राहावं, हे त्याच कागदात लिहिता आलं असतं. शब्द आहे ना त्याचा, हेही खरंच. पण शब्द देणारा असेपर्यंतच शब्दाला जोर. प्रत्येक वेळी काका अर्ध्यावर थांबले, आणि त्यांच्या तोंडून आलं म्हणजे पुरतं आलं, असं आम्ही धरून चाललो.

ते लबाडीने थांबले नाहीत. त्यांना त्या घरातून काही मिळायचं नव्हतं, आणि तिथेच आम्ही फसलो. बिल्डरला फायदा आहे म्हणून त्याचं पुस्तक आम्ही उलटंसुलटं करून पाहिलं. काकांना फायदा नाही म्हणून त्यांचं बोलणं तसंच उचललं. पण ज्याला पैसा नको त्यालाही काहीतरी हवं असतं. काकांना घरात शांतता हवी होती. भावंडं कोर्टात उभी राहिलेली त्यांनी इतकी पाहिली होती की त्यांच्या लेखी चांगला कायदा म्हणजे ज्याने कोणी भांडत नाही तो. आणि भांडण नको असलं की ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्यानेच गप्प बसायचं असतं, हे त्यांना दिसलं नाही. तुम्हाला शाळेत शिकवतात ना, माहिती कोणी दिली ते बघा, त्यात त्याचा काय स्वार्थ आहे ते बघा? मी त्यात एवढंच घालीन, की प्रेमाचं माणूस असलं तरी बघा. तिथे बघायला जड जातं, म्हणूनच.

आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली थोडी पानं. राष्ट्रपतींची निवड, राज्यसभेची मुदत, गाळलेल्या जागा भरा. मला त्यात चांगले गुण असत. कायदा हा दिल्लीत आणि कोर्टात असतो, अशीच माझी समजूत झाली. तो आपल्या हॉलमध्ये, वड्यांच्या वासात, सख्ख्या भावासमोर येऊन बसेल आणि तेव्हा आपल्याला त्याची ओळख पटणार नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

इमारत रिकामी झाली. बिल्डर भाडं देत होता त्यात दादाने तिला विठ्ठलवाडीला एक खोली घेऊन दिली. तो दर आठवड्याला जाऊन यायचा, तिच्याकडून ओरडा खाऊन यायचा. ती मधूनमधून ठाकुर्लीला जाऊन बांधकाम किती वर गेलं ते पाहून यायची आणि मला फोन करायची. "आपल्या मजल्याचा स्लॅब पडला गं आज." खिडकीचं माप तिने तिथल्या सुपरवायझरकडून काढून घेतलं होतं आणि पडद्यांचं कापडही आणून ठेवलं होतं.

इमारत पूर्ण व्हायच्या आधी दादा गेला. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. इतकं अचानक, की कोणाला काही सांगून ठेवायला त्याला वेळच मिळाला नाही. तो सांगणार होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

किल्ल्या मिळायची वेळ आली तेव्हा दादाचा मुलगा, आमचा भाचा, विठ्ठलवाडीला आला. तो बंगळुरूला नोकरी करतो. मुलगा वाईट नाही. मी तेव्हा तिथेच होते. तो पंख्याकडे बघत बोलायला लागला.

"आत्या, मी आईशी बोललेलो," तो म्हणाला. "ती इथे एकटी राहणार नाही. मी तिला घेऊन चाललोय. म्हणून ठाकुर्लीचा फ्लॅट देऊन टाकायचा विचार आहे. तिकडे घर घ्यायला लागेल ना."

धाकटी हसली. तिला थट्टा वाटली. "देऊन टाकायचा म्हणजे? मग मी कुठे जाऊ रे?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. "म्हणजे... आत्याचं काय ठरलेलं?"

मी सांगितलं. रविवार, काका, वडे, सगळं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "पप्पा असं बोललेले? मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही वकिलांना विचारलेलं, ते म्हणाले सगळं क्लिअर आहे, कोणाचा हक्क नाही. टोकन पण घेतलं, ताईआत्या."

वहिनींशी मी फोनवर बोलले. त्या रडल्या. "मला ह्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही हो. आता मुलगा म्हणतो तसं करायचं, मी कोणाच्या जिवावर नाही म्हणू?" त्यांनाही कोणाच्या तरी घरात विचारून राहायचे दिवस येणार होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाच्याने दरमहा काही पाठवायची तयारी दाखवली. धाकटीने नको म्हटलं.

आम्ही दोघी कल्याणला काकांकडे गेलो. ते खूप थकले होते, कानाला यंत्र होतं. तरी बुशशर्टाला इस्त्री होती.

"काका, दादाने शब्द दिला होता ना?" मी विचारलं.

"दिला होता. माझ्यासमोर."

"मग वहिनींना तेवढं सांगाल?"

"सांगतो की. पण त्या विचारतील, काका, तुम्ही कायद्यातले, मग कागदावर का नाही घेतलंत? त्यांना काय सांगू?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती आठवण करून दिली तिने.

"घर फुटू नये म्हणून म्हटलं गं, बाळ."

"फुटलं नाही काका. विकलं गेलं."

ते खरंच फोन करणार होते आणि त्यांनी केलाही. वहिनींनी ऐकून घेतलं. तोवर व्यवहार पुढे गेला होता. त्यानंतर काकांनी कोणाला सल्ला देणं सोडलं असं ऐकलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "वकिलाकडे जा, आणि आपल्या आपल्या वकिलाकडे जा."

शेवटचा उपाय म्हणून मी तिला एका वकीलबाईंकडे नेलं. झेरॉक्सच्या दुकानावर छोटंसं ऑफिस. बाईंनी हक्कसोडपत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि धाकटीला विचारलं, "त्या दिवशी काकांना कोणी बोलावलं होतं?"

"दादाने."

"म्हणजे ते दादांच्या सांगण्यावरून आले होते. तुमच्या बाजूने कोण होतं?"

"सगळे आमचेच होते की."

"ते कळलं हो," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला काय लागेल याचाच फक्त विचार करायला कोण आलं होतं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी कुठेतरी दुसरीकडे पाहिलं असावं.

बाईंनी सरळ सांगितलं. दावा करता येईल, अवघड आहे. तुम्हाला चुकीचं समजावून, भुलवून सही घेतली असं मांडावं लागेल, आणि ते सिद्ध करावं लागेल. वर्षं जातील. विचार करून या.

जिना उतरताना धाकटी मधल्या पायरीवर थांबली. "मी काय लिहून देऊ गं कोर्टात? दादाने फसवलं म्हणून?"

"तसं म्हणावं लागेल."

"पण त्याने फसवलं नाही. तो असता तर आत्ता मी तिथे पडदे लावत असते आणि तो स्टुलावर उभा राहून शिव्या खात असता." ती पुढे दोन पायऱ्या उतरली. "घर पाहिजे तर भावाला चोर म्हणायचं. नको. राहू दे."

मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या आठवड्यात तिचं सामान ठाण्याला आलं. तुम्ही येता तेव्हा ज्या खोलीत झोपता, ती तिची खोली.

आता तुमच्या बाबाबद्दल एक सांगते, म्हणजे त्याच्याकडून ऐकाल तेव्हा दोन्ही बाजू तुम्हाला माहीत असतील. तुमचे आजोबा गेल्यावर हे ठाण्याचं घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. मी माझं मृत्युपत्र केलं. घर तुमच्या बाबाला, पण मावशीआजी जिवंत असेपर्यंत तिला इथे राहण्याचा अधिकार, कोणाच्या परवानगीशिवाय. साक्षीदारांसमोर सही केली आणि नोंदवलं. मग त्याला फोन करून सांगितलं.

तो दुखावला. "आई, मला विचारायचंस तरी. माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे. पण तू दादासारखा एक दिवस अचानक गेलास तर? मग ही कोणाला सांगत बसेल की तू काय म्हणाला होतास?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

काही दिवस त्याचे फोन नुसतेच 'बरी आहेस ना' एवढ्यापुरते आले. मला वाईट वाटलं, पण कागद बदलावासा वाटला नाही. आपल्या माणसाला 'लिहून दे' म्हणणं किती जड जातं हे मला त्या रविवारीही माहीत होतं. कोणाला तरी थोडं वाईट वाटू द्यावं लागतं. त्या दिवशी दादाला वाईट वाटलं आणि मी गप्प बसले. मग एक दिवस तुमच्या बाबाने प्रत मागितली, वाचली, आणि 'मावशीच्या औषधांच्या खर्चाचंही घाल ना यात' असं कळवलं. ते मी घातलं आहे. मोठे झालात की तुम्हीही तो कागद वाचा. मी काय म्हणाले होते ते आठवत बसू नका.

धाकटीला मी तो दाखवला तेव्हा तिने तो खिडकीशी नेला. उजेडात धरून, चष्मा खाली-वर करून, ओळ न ओळ वाचली. "तारीख आहे. सह्या आहेत. 'राहण्याचा अधिकार' असं स्पष्ट आहे." मग घडी घालून माझ्या हातात दिला. "पास," म्हणाली. कारखान्यात म्हणत असेल तसं.

मला वाटलं होतं, आता तिच्या मनावरचं काहीतरी उतरेल. ती हवी तशी वावरेल, मला चार नियम लावेल, पाय पुसायला मागे धाडेल. मी वाट पाहिली.

परवा संध्याकाळी आमटी तिच्याकडे होती. मी बाहेर पेपर वाचत होते. ती डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ताई, गूळ घालू का गं? तुमच्याकडे घालत नाहीत ना?"

"अगं, विचारतेस काय? तुझंच घर आहे हे."

"हो गं, वाचलंय मी ते," ती हसून म्हणाली. आणि मी 'घाल' म्हणेपर्यंत तशीच दारात उभी राहिली.